तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं? जुन्या पुलिंग ट्रॅक्टरसाठी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड निवडताना

ट्रॅक्टर फार्मऑल एम, १९४९ सालचा. दुखणं असं, की दर उन्हाळ्यात चार-पाच ओढी झाल्या की तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकातलं बेअरिंग, वाजायला लागायचं. हेड उघडलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या पिस्टनचा वरच्या रिंगेवरचा काठ तुटलेला सापडायचा. दोनदा इंजिनाचं पूर्ण काम काढलं, दोन्ही वेळा नवे पिस्टन टाकले, आणि दोन्ही वेळा तेच झालं. तिसऱ्या वेळी कारण सापडलं. इथे इलिनॉयमध्ये आमच्या ओळखीतले आणखी दोघे मराठी याच नादाला लागले आहेत, दोघांनीही हाच प्रश्न विचारला, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो.

ज्यांनी पुलिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅक्टरच्या मागे एक मोठी घसरगाडी जोडतात, तिला स्लेड म्हणतात. ट्रॅक्टर पुढे जातो तशी स्लेडवरची वजनाची पेटी मागून पुढे सरकते, म्हणून ओझं दर फुटाला वाढत जातं. ३०० फूट पार केले की फुल पुल. आमच्या गटात वेग ताशी चार मैलांच्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम पन्नास सेकंदांचं काम. पण त्या पन्नास सेकंदांत इंजिनावर दोन अगदी वेगळे प्रसंग येतात. हे दोन प्रसंग मी वेगळे ओळखले नाहीत, म्हणून माझी दोन वर्षं गेली.

पहिला प्रसंग ओढीच्या शेवटी. ओझं वाढतं, इंजिन दबतं, फेरे खाली येतात आणि थ्रॉटल मात्र पूर्ण उघडा असतो. सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण, पिस्टन हळू, ठिणगी मात्र लवकर पडलेली. इथे डिटोनेशन होतं, म्हणजे मिश्रण सरळ जळत जायच्या ऐवजी ठोका देऊन फुटतं. पिस्टनचे काठ तुटतात ते इथे.

दुसरा प्रसंग चाकांची पकड सुटते तेव्हाचा. ओझं एकदम उतरतं, गव्हर्नर (फेरे आपोआप आवरणारं यंत्र) सावरेपर्यंत इंजिन सुसाट वर जातं, आणि चालक घाबरून थ्रॉटल बंद करतो. वेगात असलेल्या इंजिनाचा थ्रॉटल बंद केला की पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याला खाली दाबायला वायूचा दाब उरत नाही. सगळा पिस्टन त्या रॉडच्या टोपीला, म्हणजे कॅपला, लटकतो. रॉड आणि बेअरिंग मरतात ते या क्षणी. जोर लावताना नाही.

आता या इंजिनाबद्दल. इंटरनॅशनल हार्वेस्टरने एम मॉडेल १९३९ ते १९५२ या काळात बनवलं. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ पूर्णांक ७/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) सव्वापाच इंच, एकूण २४८ घनइंच, आणि गव्हर्नरवर फेरे मिनिटाला १४५०. पुढे सुपर एममध्ये बोअर ४ इंच झाला आणि इंजिन २६४ घनइंचाचं झालं. त्यानंतरच्या फार्मऑल ४५० मध्ये बोअर सव्वाचार इंचाला एक सूत कमी, म्हणजे ४ पूर्णांक १/८, आणि घनइंच २८१. स्ट्रोक तिन्हींत तोच. त्यामुळे एममध्ये ४ इंचाचे स्लीव्ह (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) आणि पिस्टन घालणं ही इथली फार जुनी रीत आहे. आमचंही इंजिन ४ इंचाचंच आहे.

स्ट्रोक सव्वापाच इंच आहे, ही गोष्ट कागदावर साधी दिसते. पण सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो. पिस्टन, रिंगा आणि गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) मिळून आमचा पहिला संच १.४ किलोचा होता. रॉडचं वरचं टोक धरलं तर वर-खाली धावणारं वजन १.९ किलो. १४५० फेऱ्यांना वरच्या टोकाशी हे वजन रॉडला सुमारे ३७० किलोच्या भाराने ओढतं. चाकं सुटली की आमचं इंजिन २६०० पर्यंत जातं, ते आम्ही मोजलं आहे. तेव्हा तोच भार जवळजवळ १२०० किलो होतो. फेरे पावणेदोन-पट, भार सव्वातीन पट, कारण भार फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मूळ रॉड ज्यांनी बनवला त्यांनी तो १४५० फेऱ्यांवर दिवसभर नांगरणी करण्यासाठी बनवला होता. त्यांच्या कामात काही खोट नाही. आपण त्याच्याकडून मागतो आहोत ते वेगळं आहे.

तुटलेले भाग आधी वाचा

नवीन काही मागवण्याआधी जुने भाग टेबलावर क्रमाने मांडा. धुऊ नका, आधी तसेच बघा.

पिस्टनचा काठ तुटला असेल तर दोन शक्यता असतात. एक, रिंगेची दोन टोकं गरम झाल्यावर एकमेकांना भिडली आणि रिंग स्लीव्हमध्ये अडकली. अशा वेळी रिंगेची टोकं आरशासारखी चकाकतात. दोन, डिटोनेशन. यात पिस्टनचा माथा वाळूने घासल्यासारखा खरखरीत होतो, आणि प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर भिंगाखाली ॲल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके दिसतात. आमच्याकडे दोन्ही होतं. रिंगेची टोकं चकाकत होती आणि प्लगवर ठिपकेही होते. रिंग स्लीव्हमध्ये सरळ बसवून टोकांमधली गॅप मोजली तर ९ थाऊ निघाली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पेट्रोल इंजिनाला वरच्या रिंगेसाठी बोअरच्या दर इंचाला निदान ४ थाऊ धरतात, म्हणजे ४ इंचाला १६. पुलिंगसाठी आणखी थोडी. रिंगा पाकिटातून काढून तशाच घातल्या होत्या, गॅप कोणी मोजलीच नव्हती. आता आम्ही वरच्या रिंगेला २० आणि दुसरीला २२ थाऊ ठेवतो.

बेअरिंगचे दोन्ही अर्धगोल पत्रे, म्हणजे कप, वेगवेगळे बघायचे. वायूचा दाब रॉडला खाली ढकलतो, म्हणून डिटोनेशनचा मार रॉडमधल्या वरच्या कपाला बसतो. पिस्टनची ओढ कॅपला बसते, म्हणून जास्त फेऱ्यांचा मार खालच्या कपावर दिसतो. आमच्या तिसऱ्या सिलिंडरचा वरचा कप बरा होता. खालचा कप मात्र रॉड आणि कॅपच्या दोन्ही सांध्यांजवळ तांब्यापर्यंत घासला होता, मधोमध जवळजवळ नवा. हे चित्र सरळ सांगत होतं की भोक गोल राहिलेलं नाही. भार आला की रॉडचं मोठं टोक उभं ताणलं जातं आणि सांध्यांच्या बाजूने आत चेपतं. तिथे तेलाचा थर तुटतो.

पण तिसराच का? चारही रॉड त्याच वयाचे, तेच तेल, तोच चालक. याचं उत्तर मला चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, काढल्यावर, जमिनीवर पाठ टेकून, हातातल्या दिव्याच्या उजेडात मिळालं. प्रत्येक रॉडच्या बाजूला आणि त्याच्या कॅपच्या बाजूला सिलिंडरचा नंबर ठोकलेला असतो. तिसऱ्या रॉडवर ३ होता. त्याच्या कॅपवर ग्रीस पुसल्यावर दिसला तो २. शेजारच्या रॉडवर उलट. कधीतरी, आमच्याकडे ट्रॅक्टर येण्याच्याही आधी, कोणीतरी दोन कॅप अदलाबदल करून आवळल्या होत्या.

रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बोल्ट करून बोअर केलेली असतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली की सांध्यावर पायरी येते. नखाला लागते. तिसऱ्या रॉडमध्ये ही पायरी दीड थाऊची होती आणि बेअरिंगवर तेलासाठी मोकळी जागाच असते अडीच थाऊच्या आसपास. नांगरणीत हे निभावलं असेल. २६०० फेऱ्यांना निभावणं शक्य नव्हतं. दुसऱ्या सिलिंडरचा कपही त्याच वाटेवर होता, फक्त थोडा मागे होता.

मी दोन वर्षं पिस्टन बदलत राहिलो. तुटलेला दिसत होता पिस्टन, म्हणून दोष पिस्टनचाच धरला. रॉड प्रत्येक वेळी पुसून, नवा कप घालून, परत बसवला. या पोस्टमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: पिस्टन आणि रॉड वेगवेगळे निवडायचे नसतात. एकाचं वजन दुसऱ्याला सोसायचं असतं, एकाची लांबी दुसऱ्याची उंची ठरवते.

मजबूत पिस्टन घातला, आणि जास्त बिघडलं

दुसऱ्या वर्षीची चूक सविस्तर सांगतो, कारण ती सगळेच करतात. ओतीव पिस्टनचे काठ तुटले म्हणून आम्ही फोर्ज्ड पिस्टन घातले. फोर्ज्ड म्हणजे घडीव, जास्त चिवट, हे खरं. पण दोन गोष्टी आम्ही पाहिल्या नाहीत.

एक, क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि स्लीव्ह यांच्यातली मोकळी जागा. पुलिंगचे फोर्ज्ड पिस्टन बहुधा २६१८ नावाच्या मिश्रधातूचे असतात. त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतं, म्हणून तो चिवट असतो, पण तापला की जास्त फुगतो. ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, तो कमी फुगतो आणि थंड इंजिनात कमी वाजतो. पण डिटोनेशनचा मार २६१८ जास्त सोसतो. बोअरिंगवाल्याने आमचे स्लीव्ह ओतीव पिस्टनच्या सवयीने २ थाऊवर होन केले, म्हणजे आतून घासून मापाला आणले. पिस्टनसोबतच्या कागदावर साडेचार लिहिलं होतं आणि तो कागद खोक्यातच राहिला. पहिल्याच ओढीत पहिला पिस्टन धरला. स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, पिनच्या दोन्ही बाजूंना चार उभे ओरखडे आले होते. चार कोपऱ्यांवरचे असे ओरखडे दिसले की क्लिअरन्स कमी पडली असं समजायचं. तेल कमी पडलं तर ओरखडे बहुधा स्कर्टच्या मधोमध येतात.

म्हणून पिस्टन हातात आल्याशिवाय स्लीव्ह शेवटच्या मापाला होन करू देऊ नका. पिस्टनवाल्याने स्कर्टवर जिथे माप घ्यायला सांगितलंय तिथेच घ्या, पिनला काटकोनात. पिस्टन आणि ब्लॉक रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजा. थंड गॅरेजमधला ब्लॉक आणि गाडीतून आणलेला गरम पिस्टन यांची मापं जुळत नाहीत.

दोन, वजन. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवायला माथ्यावर उंचवटा असलेले पिस्टन आम्ही घेतले. संच १.६५ किलोचा झाला. म्हणजे २६०० फेऱ्यांना रॉडवरचा भार १२०० वरून १३५० किलोवर गेला, आणि तोही त्या पायरी असलेल्या कॅपवर. पिस्टन मजबूत करून आम्ही रॉडचं मरण जवळ आणलं. फोर्ज्ड पिस्टन घेताना वजन विचारा. पिनचंही विचारा, कारण जाड भिंतीची जुनी पिन एकटीच खूप वजन खाते.

आता निवडायचं कसं

सर्वांत आधी आपल्या गटाची नियमावली वाचा. कुठे बोअर-स्ट्रोकला मर्यादा असते, कुठे फेऱ्यांना, कुठे मूळच्या ओतीव भागांची अट असते. मग स्वतःला विचारा की चाकं सुटतात तेव्हा इंजिन खरोखर किती फेऱ्यांपर्यंत जातं. ओढताना किती असतं हा प्रश्न नाही, सुटल्यावर किती, हा आहे. हा आकडा मोजल्याशिवाय रॉड घेऊ नका.

आकडा २००० च्या आत राहत असेल तर माझ्या मते मूळ रॉड चालतो, पण नीट तपासून. चुंबकीय तपासणी करून तडे बघा. कॅप त्याच रॉडच्या आहेत ना, बघा. सांध्याचे पृष्ठ थोडे घासून, नवे बोल्ट पूर्ण आवळून, मोठं टोक परत गोल होन करून घ्या. अर्ध्या थाऊपेक्षा जास्त फरक नको, आणि बोअर गेजने तीन दिशांनी मोजा. बोल्ट सत्तर वर्षांचे असतील तर ते परत वापरू नका. आमच्याकडे एका बोल्टचा आटे नसलेला भाग मधे किंचित बारीक झाला होता, व्हर्नियरवर स्पष्ट दिसला. तो ताणला गेला होता आणि परत आखडला नव्हता. असा बोल्ट टॉर्क पान्याला बरोबर क्लिक देतो, तरी कॅप धरून ठेवत नाही. म्हणून बोल्टवाला ताण मोजायला सांगत असेल तर टॉर्कवर न थांबता ताणच मोजा.

आमचा आकडा २६०० होता, म्हणून आम्ही ४३४० पोलादाचे नवे फोर्ज्ड रॉड घेतले, मूळ रॉडपेक्षा पाव इंच लांब. लांबी वाढवायचं कारण पिस्टन हलका करणं. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतचं अंतर बदलत नाही. त्यात अर्धा स्ट्रोक म्हणजे २.६२५ इंच, मग रॉडची लांबी, मग पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, आणि वर उरलेली फट बसवायची असते. रॉड पाव इंच वाढला की पिस्टन पाव इंच बुटका होतो, आणि कमी होतं ते सगळं ॲल्युमिनियम वर-खाली धावणाऱ्या वजनातून जातं. बुटका पिस्टन आणि पातळ भिंतीची पिन मिळून आमचा संच १.१५ किलोवर आला. भार १०४० किलो. मूळ ओतीव संचापेक्षाही कमी.

काही जण जुन्या ट्रॅक्टरचं क्रँक जर्नल (क्रँकचा रॉड बसतो तो गोल भाग) घासून २.२०० इंचावर आणतात. हे बिग ब्लॉक शेव्हरोलेचं माप आहे, आणि त्या मापाची चांगली बेअरिंग व तयार रॉड सहज मिळतात. मार्ग चांगला आहे, फक्त क्रँकवाल्याला जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई नीट ठेवायला बजावा. काटकोनी कोपरा राहिला तर तडा तिथूनच जातो. जर्नलची रुंदी आणि रॉडची रुंदीही मोजा, नाहीतर रॉड बाजूला सरकत राहतो.

नवा रॉड कुठे लागतो ते बघायला बेअरिंगला तेल लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. आमच्या एका रॉडचा बोल्ट कॅमशाफ्टच्या अगदी जवळून जात होता. मळलेल्या मातीचा गोळा चिकटवून फिरवलं आणि दाबलेल्या मातीची जाडी मोजली. जुन्या रॉडमधून पिनपर्यंत तेलाची नळी गेलेली असेल आणि नव्यात नसेल, तर वरच्या टोकाला तेलाचं भोक आहे का तेही पाहा.

ॲल्युमिनियमचे रॉड हलके असतात आणि मोठ्या गटांत दिसतात. मी ते आमच्या कामाला घेणार नाही. ते तापून वाढतात, हेडपाशी जास्त फट लागते, आणि ठरावीक ओढींनंतर बदलावे लागतात. वर्षात वीस ओढी करणाऱ्या घरच्या ट्रॅक्टरला पोलादच बरं.

दोन सिलिंडरच्या जॉन डियरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. मॉडेल ए मध्ये बोअर साडेपाच इंच आणि स्ट्रोक पावणेसात. एकेक पिस्टन हातात धरला तरी वजन कळतं. तिथे फेरे मूळचे ९७५ च आहेत, आणि जुन्या रॉडमध्ये ओतलेलं बॅबिट (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) असतं. वर दिलेले माझे फेऱ्यांचे आकडे त्या इंजिनाला अजिबात लावू नका.

कॉम्प्रेशन

एम हा पेट्रोलवर आणि डिस्टिलेट (केरोसिनसारखं स्वस्त इंधन) किंवा केरोसिनवरही चालणारा विकला जायचा, त्यामुळे हेड वेगवेगळी सापडतात. विकणारा काय म्हणतो त्यावर जाऊ नका, मोजा. हेड उलटं ठेवून ॲक्रिलिकच्या पट्टीला ग्रीस लावून बसवा आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडा. ४ इंच बोअरला एका सिलिंडरचं आकारमान १०८१ सीसी. नऊला एक हवं असेल तर हेड, गॅस्केट आणि पिस्टनच्या वरची जागा मिळून १३५ सीसी. दहाला एक हवं तर १२०. पंधरा सीसी म्हणजे तीन चमचे, एवढ्याशा फरकात एक अंक बदलतो. आम्ही उंचवट्याचे पिस्टन सोडून सपाट माथ्याचे घेतले, हेड थोडं घासलं आणि नऊवर थांबलो. इग्निशनही पाच अंश मागे घेतलं. ताकद कागदावर थोडी गेली असेल, पण ओढीच्या शेवटच्या पन्नास फुटांत इंजिनाचा तो टकटक आवाज गेला.

चारही पिस्टन आणि चारही रॉड एका ग्रॅमच्या आत जुळवले. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून एकूण वजनापेक्षा ती आपसात सारखी असणं महत्त्वाचं. रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची, नुसता पूर्ण रॉड तोलून चालत नाही.

या उन्हाळ्यात नऊ ओढी झाल्या. दुसऱ्या ओढीनंतर मुद्दाम चेंबर काढलं, तिसऱ्याची कॅप उतरवली आणि खालचा कप दिव्याखाली धरला. घासल्याची फिकट करडी छटा बरोबर मधोमध होती, दोन्ही सांध्यांजवळ कारखान्याचा मूळ रंग तसाच. कॅप पुसली, नंबर पाहिला, ३. रॉडवरही ३, त्याच बाजूला. बोल्ट ताण मोजून परत आवळले.

तुमच्याकडे हेच दुखणं असेल तर पिस्टन मागवण्याआधी चेंबर काढून ते नंबर बघा, आणि कॅपमधल्या कपाचा जवळून काढलेला फोटो पाठवा. सांध्याजवळची आणि मधली झीज वेगवेगळी दिसेल असा तिरपा उजेड द्या, आणि चाकं सुटल्यावर फेरे किती होतात तेही लिहा.